पेटीवरून पियानोवर जाताना डाव्या हाताचं काय करायचं?

रंकाळाकाठ | ४ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव यंदा अकरावीत गेले. सातव्या वर्षापासून पेटी वाजवतो. सुरुवात सासऱ्यांच्या भजनी मंडळातून झाली, शिवाजी पेठेत, दर एकादशीला. पुढे रीतसर क्लास आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. मध्यमा पूर्ण झालीय. (पहिल्या दोन परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून दिल्या, खोटं कशाला बोलू.) करोनाच्या वर्षात धाकट्या दिरांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आमच्याकडे आला आणि तेव्हापासून याचं लक्ष उडालं. आता म्हणतो, बारावीनंतर कॉन्झर्व्हेटरीत (पाश्चात्य संगीताच्या कॉलेजात) जायचं आणि पियानोच शिकायचा. त्याचे बाबा म्हणतात आधी सीईटी दे. आजोबा काहीच म्हणत नाहीत, आणि आमच्या घरात ते जास्त अवघड असतं.

परवा मी मेथी निवडत बसले होते. हा उजव्या हातानं काहीतरी छान वाजवत होता. सहज बघितलं तर डावा हात पट्ट्यांवरही नाही आणि मांडीवरही नाही. कीबोर्डच्या मागे हवेतच त्याची उघडमीट चाललेली. नसलेला भाता मारत होता! मी हसले, तो चिडला. रात्री जेवताना स्वतःच म्हणाला, "आई, हाच प्रॉब्लेम आहे."

तर जाणकारांनी सांगा. सोळाव्या वर्षी हे जमतं का? कोल्हापुरात राहून तयारी कशी करायची? आणि घ्यायचं काय? खऱ्या पियानोचं तर नाव काढायची सोय नाही, आमचा जिना अडीच फुटांचा आहे.

---

गवती_चहा | ४ जून, रात्री ११:०५

वाचतेय. आमच्याकडे उलटी गंगा आहे, लेकीला कीबोर्ड आणून दिला तर ती पेटी मागते.

---

बिंदूचौक | ५ जून, सकाळी ७:५०

ताई, मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. लग्न, हळद, गणपती, सगळं झालं. माझा डावा हात काय करतो सांगू? कॉर्ड दाबून धरतो आणि गप्प बसतो. ढोलकी, बेस, गिटार सगळं मशीनच वाजवतं. मधेच एखादं बटण दाबलं की पब्लिक खूश. पोट भरलं त्याच्यावर, नावं ठेवत नाही. पण याला पियानो वाजवणं म्हणत नाहीत.

एकदा पुण्यात एका हॉटेलात कार्यक्रम होता, तिथं कोपऱ्यात खराखुरा पियानो. साउंडवाले वायरी ओढत होते तोवर म्हटलं बसू या. आईशप्पथ, पाचव्या मिनिटाला करंगळी भरून आली. माझ्या कीबोर्डवर फुंकर मारली तरी पट्टी दबती. तिथं पट्टी म्हणती, आधी मागून घे, मग सूर देते.

म्हणून सांगतो, त्या ६१ पट्ट्यांवर फार दिवस ठेवू नका. हात लाडावतो.

---

खर्ज_नर_मादी | ५ जून, दुपारी ३:२०

मी पेटीवाला. वाजवतो कमी, दुरुस्त्या जास्त. पालिताण्याचे सूर (पेटीत आवाज देणाऱ्या पितळी जिभा) बसवणं, भात्याचं कातडं बदलणं, उंदरानं खाल्लेल्या पेट्या जिवंत करणं हा धंदा.

वरच्या सगळ्या बोलण्यात पेटी म्हणजे एका हाताचं बिचारं वाद्य असा सूर लागतोय, तो जरा खाली उतरवतो. ही पेटी मुळात फ्रान्सची. देबँ नावाच्या माणसानं पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास केली. ती पायांनी चालायची. दोन्ही पाय भात्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर. आपल्याकडं गवई जमिनीवर बसून गाणार, मग साथीला खुर्चीवर बसलेला माणूस कसा चालेल? म्हणून कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी १८७५ मध्ये हातभात्याची पेटी काढली. ती मांडीशी आली, उचलून कुठंही नेता आली, आणि त्या बदल्यात डावा हात भात्याला बांधला गेला. म्हणजे तुमच्या पोराच्या डाव्या हाताची नोकरी साधारण दीडशे वर्षांपूर्वी गेलीय, त्याचा काही दोष नाही.

आणि सगळीकडं गेली असंही नाही. संगीत नाटकात ऑर्गन होता, पायांनी चालणारा. त्याला दोन्ही हात लागायचे. पेटी हवा बाहेर फेकते, हा ऑर्गन हवा आत ओढतो, त्यामुळं आवाज मऊ आणि भरलेला येतो. उजवा हात गाण्यामागं, डावा खालच्या सप्तकात भरणा करायला. आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटीवाले म्हणून देशभर गाजले, १९११ च्या मानापमानाच्या चाली त्यांच्या. अशी माणसं ज्या गावात झाली, जिथं शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी आणलं, ज्या देवल क्लबचं, आपल्या जुन्या संगीतसंस्थेचं, नाव अजून आदरानं घेतात, तिथल्या पोरानं पट्ट्यांचं वाद्य शिकायला कुणाची परवानगी मागायची गरज नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली त्या रात्री मी खासबागेशी उभा होतो. पहिला विचार काय आला माहितीय? आत किती ऑर्गन वाजले असतील. (विषयांतर झालं, माफ करा.)

सांगायचं हे की कुणाच्या वाड्यात, कुठल्या जुन्या नाटकवाल्याच्या माळ्यावर असा ऑर्गन पडून असला तर पोराला त्यावर बसवा. फुकटात डावा हात सुटेल. दुरुस्ती मी करीन.

---

तिसरं_पेडल | ५ जून, रात्री ११:४८

रंकाळाकाठताई, मी इचलकरंजीचा. घरी यंत्रमाग, शिकलो मात्र पियानो, दक्षिणेतल्या एका कॉन्झर्व्हेटरीत. मीही पेटीवरूनच गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. लांबेल.

आधी हाताचं. डाव्या हाताची सगळे चिंता करतायत, पण पेटीवाल्याचा उजवा हातही पियानोला तयार नसतो. तो खाली बसून, आडव्या बोटांनी, अंगठा जपून वाजवलेला असतो. मला तर गुरुजींनी अंगठा काळीवर नेला की टपली मारायची सवय ठेवली होती. पियानोवर अंगठा राजा आहे. साधं सी मेजर स्केल घ्या, आपल्या भाषेत पांढरी एकचं बिलावल. अंगठा, तर्जनी, मधलं. मग मधल्या बोटाच्या खालून अंगठा सरकवून चौथ्या स्वरावर ठेवायचा आणि तिथून पुढची पाच बोटं. हे 'खालून सरकणं' ऐकू येता कामा नये. मनगट उडालं की लगेच कळतं. मला ते जमायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत मी एकही गाणं वाजवलं नाही.

दुसरं म्हणजे आवाज. पेटीत लहानमोठा आवाज भात्यातून येतो, बोटाचा त्यात वाटा नाही. पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, फरक शून्य. पियानोत सगळं बोटात. पट्टी खाली जायला साधारण पन्नास ग्रॅम वजन लागतं, पण ती किती वेगानं जाते यावर हातोडी तारेवर कशी बसते ते ठरतं. शिवाय पेटीचा स्वर भाता आहे तोवर टिकतो, पियानोचा स्वर लागला त्या क्षणापासून मरायला लागतो. त्या मरणाऱ्या स्वरांची ओळ जोडून दाखवणं, हीच सगळी मेहनत. उलट पेटीवाल्याचा एक फायदा असतो: त्याला ओळ कुठं श्वास घेते ते माहीत असतं. भाता म्हणजे श्वासच. आमच्या वर्गातल्या, लहानपणापासून पियानो शिकलेल्या मुलांना मास्तर सांगून दमायचे, "गा, वाजवू नका." मला ते सांगावं लागलं नाही. बाकी सगळं सांगावं लागलं.

आता तयारी. सगळ्यात आधी नोटेशन, म्हणजे कागदावरचं स्वरलेखन. भातखंडे आणि पलुस्कर पद्धती येत असेल तर उत्तम, पण इथं उपयोग कमी. दोन पंचरेषा एकाच वेळी वाचायच्या, वरची बहुतेक उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची, आणि डोळे कायम हाताच्या एक मात्रा पुढं. मध्यमा झालेल्या मुलाला आपण पहिलीत बसलोय असं वाटतं. वाटू द्या. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या परीक्षा आठ ग्रेडपर्यंत असतात, त्यांचा अभ्यासक्रम धरून चालला तर वाट सापडते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ट्रिनिटीत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड या वेगळ्या परीक्षा आहेत, फॉर्म भरताना नीट बघा. आमच्या ओळखीत एकानं कीबोर्डच्या ग्रेड दिल्या आणि ऑडिशनला पियानोवर बसल्यावर रडायची वेळ आली. आणि एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडच्या आधी पाचवी थिअरी किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा पास लागते.

ऑडिशनला साधारणपणे स्केल, एखादं एत्यूद (बोटांच्या तयारीसाठी रचलेला तुकडा), बाख या जुन्या जर्मन रचनाकाराचं काहीतरी, एका सोनाटाचा (अनेक भागांच्या वाद्यरचनेचा) भाग आणि त्यानंतरच्या काळातलं काही, असं मागतात. सोबत कानाची परीक्षा आणि न पाहिलेला कागद वाचून वाजवणं. बाख का, तर तिथं डावा हात नोकर नसतो. दोन्ही हातांना आपापली चाल असते, दोघं बरोबरीनं बोलतात. तुमच्या मुलाचं औषध तेच आहे. अवघड काही नको, दोन आवाजांचे सोपे तुकडे, आणि आधी पंधरा दिवस फक्त डावा हात. उजवा खिशात.

चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. कोलकात्यातलं कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक तर १९१५ पासूनचं. प्रत्येकाचे नियम आणि फिया त्यांच्याकडूनच विचारा, दर वर्षी बदलतात.

वयाबद्दल खरं सांगतो. जगभर एकट्यानं मैफली करणारा पियानोवादक व्हायचं तर सोळा हा उशीर आहे. साथ करणारा, शिकवणारा, संगीत रचणारा, संयोजन करणारा व्हायचं तर नाही. त्याला यातलं नक्की काय हवंय ते त्याला विचारलंत का?

---

गवती_चहा | ६ जून, सकाळी ६:३०

"उजवा खिशात" 😄 प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय.

---

महाद्वार_रोड | ६ जून, सकाळी १०:१५

सगळं ठीक. पण मुद्द्याचं कुणी बोलत नाही. कोल्हापुरात पियानो ऐकणार कोण? आणि ज्या वाद्यात मींड निघत नाही, स्वर जागचा हलत नाही, त्याच्यासाठी पोराची चार वर्षं? आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती ती याच कारणानं. रागदारीचं वाद्य नव्हे म्हणून.

---

खर्ज_नर_मादी | ६ जून, दुपारी १:४०

@महाद्वार_रोड, आणि १९७१ मध्ये ती उठवायला लागली, तेही लिहा की. मधल्या तीस वर्षांत पेटी घराघरांत, कीर्तनात, बैठकीत वाजतच होती.

मींडेचं खरं आहे. भरीला गंधाराचाही प्रश्न आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो पियानोच्या गंधारापेक्षा जवळजवळ चौदा सेंट खाली असतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. ज्याचा कान तयार आहे त्याला ते टोचतं. सूर घासताना मी टोकाला घासून चढवतो, बुडाशी घासून उतरवतो, आणि गायकाच्या पट्टीला बसेल असा गंधार लावून देतो. पियानोत ती मुभा नाही, कारण त्याला बाराही पट्ट्यांत सारखं वाजायचं असतं. तो दोष म्हणा किंवा त्याचा धर्म म्हणा. पण ज्याला राग वाजवायचाच नाही त्याला रागाच्या फूटपट्टीनं कशाला मोजता?

---

तिसरं_पेडल | ६ जून, दुपारी २:०५

काकांना अनुमोदन. आणि पोटापाण्याचं: माझं घर चालतं ते शिकवण्यावर आणि साथीवर. व्हायोलिन, बासरी, गाणं यांच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना पियानोची साथ लागते आणि पुण्या-मुंबईत साथ करणारे मोजकेच आहेत. मालिकांचं पार्श्वसंगीत अधूनमधून. श्रीमंत झालो नाही, उधारीवरही नाही.

कॉन्झर्व्हेटरी म्हणजे काही चमत्कार नव्हे, हेही सांगून ठेवतो. हा शब्दच इटलीतला, नेपल्सला अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांना कॉन्झर्व्हातोरिओ म्हणायचे, तिथं पोरांना संगीत शिकवून मार्गी लावायचे. पॅरिसची सरकारी संस्था झाली ती १७९५ मध्ये. आमच्या इथंही पहिलं वर्ष अनाथासारखंच गेलं. सरावाच्या खोल्या कमी आणि पोरं जास्त. मी पहाटे साडेचारला उठून रांग लावायचो. एका पियानोच्या मधल्या सप्तकातली एक पट्टी खाली गेली की वर यायची नाही, तक्रार करून सत्र संपलं. शेवटी मी ती पट्टी करंगळीनं उचलत वाजवायला शिकलो. त्या करंगळीचा मला अजून राग येतो.

---

आंबोलीपलीकडे | ६ जून, संध्याकाळी ७:१०

चेन्नईच्या आधी पणजी बघा. कांपालला कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे, पियानोही शिकवतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मेस्त्री (संगीताचे मास्तर) मुलांना सोल्फेजो (कागद वाचून स्वर गाणं) आणि व्हायोलिन शिकवत आले, त्यामुळे कागद वाचणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात. कोल्हापूरहून आंबोली उतरलं की आलंच. सुट्टीत महिनाभर येऊन राहिला तर त्याला अंदाज येईल.

---

रंकाळाकाठ | ८ जून, रात्री ९:५५

किती लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

@तिसरं_पेडल, विचारलं. "स्टेजवर एकट्यानं बसायचं नाहीये, मला गाण्यामागं काय चाललंय ते समजून घ्यायचंय," म्हणाला. बाबांना हे उत्तर आवडलं नाही, मला आवडलं.

वाद्याचं काय करू? आणि शिकवणार कोण? शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पण याला आत्ता, अकरावीत, पियानो पाहिजे.

---

तिसरं_पेडल | ८ जून, रात्री १०:३०

डिजिटल पियानो घ्या. ८८ पट्ट्या, हातोडीचं वजन असलेल्या, सोबत पेडल जोडता येणारा. यामाहा, रोलंड, कॅसिओ, कुठलाही चालेल. दुकानात जाऊन सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पट्टी दाबून बघायला सांगा. खालची जड आणि वरची हलकी लागली पाहिजे. रिदम किती आहेत ते विचारूच नका. आणि एक्सच्या आकाराच्या डुगडुगत्या स्टँडवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. स्टुलाची उंची अशी की कोपर पट्ट्यांच्या पातळीत. शिक्षक ऑनलाइन चालतील, पण कॅमेरा चेहऱ्यावर नको, वरून हातांवर.

---

कौलांवर_पाऊस | ९ जून, सकाळी ८:२०

मी चर्चमध्ये वाजवते. आमच्याकडे जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो आहे. डिजिटलवर सराव ठीक, पण आठवड्यातून एकदा तरी लाकडावर आणि तारांवर हात पडायला हवा. मुलाला मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी पाठवा, हॉल रिकामा असतो. फादरांशी बोलते. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

एक अट. पावसाळ्यात पियानोच्या पोटात आम्ही चाळीस वॉटचा बल्ब लावून ठेवतो. जुलैमध्ये इथली हवा अशी की ध्वनीफळा (तारांमागची लाकडी फळी) ओलावा पितो, फुगतो, तारा चढतात, पट्ट्या चिकटतात. ट्यूनर बाहेरगावाहून येतो, वर्षातून दोनदा बोलवायचा तर खिशाला भारी. तेव्हा तो बल्ब बंद करायचा नाही. मागे एका उत्साही मुलानं वीज वाचवायला बंद केला आणि पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीनं निम्मी प्रार्थनागीतं बिनसाथीची म्हटली.

---

बिंदूचौक | ९ जून, सकाळी ९:०२

घ्या, ताई. कोल्हापुरात काय मिळत नाही!

---

रंकाळाकाठ | २७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

धागा वर काढतेय, माफ करा. पाच महिन्यांचा हिशेब देणं लागते.

डिजिटल पियानो घेतला, दिवाळीची सोन्याची खरेदी त्यात गेली. चर्चमध्ये मंगळवार-गुरुवार चालू आहे, बल्ब अजून शाबूत आहे. शिक्षक ऑनलाइन. पहिले पंधरा दिवस उजवा हात खरंच खिशात होता, शेजारच्या काकू विचारून गेल्या हाताला काय लागलंय. अंगठ्याचं सरकणं अजून ऐकू येतं, पण आता ऐकू येतंय हे त्यालाही ऐकू येतं. पहिलं पान दोन्ही हातांनी वाचून वाजवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून ऐकलं. बत्तीस वेळा तरी अडखळला.

@खर्ज_नर_मादी काका, ऑर्गन मिळाला नाही. दोन वाड्यांत चौकशी केली, एकात होता तो भंगारात गेलेला, दुसऱ्यात त्याचं देवघर झालंय.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. परवाच्या कार्तिकी एकादशीला मंडळात पेटीला याला बसवलं. अभंग सुरू झाला आणि यानं भाता सोडून दिला. डावा हात खाली खर्जात, उजवा वर. सूर बसतच गेला, सगळे थांबले. सासरे टाळ खाली ठेवून उठले. मला वाटलं आता ओरडणार. ते पेटीच्या समोर येऊन बसले, भात्याला हात घातला आणि म्हणाले, "हूं, वाजव." मग पूर्ण अभंग असाच, नातू दोन्ही हातांनी आणि आजोबा पलीकडून भात्यावर.

घरी येताना हा म्हणाला, "आजोबा, मधल्या कडव्यात हळू हवं होतं, तुम्ही जोरात मारला." सासरे म्हणाले, "भाता माझ्याकडं होता."

ऑडिशनचं रेकॉर्डिंग पुढच्या वर्षी पाठवायचंय. @तिसरं_पेडल, बाखचा कुठला तुकडा निवडावा ते विचारतोय, व्यनि बघा.